मुंढ्यातला अर्धा इंच

दिवाळीनंतर यवतमाळ जिल्ह्यातल्या वावरांत वेचणी जोरात असते. वेचायला निघालेल्या बाया साडीवर पुरुषाचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवतात. डोक्याला फडकं आणि कमरेला कापूस टाकायची ओटी. शर्ट उन्हासाठी असतो, पऱ्हाटीच्या फांद्या आणि वाळलेल्या बोंडांची टोकं हात ओरबाडतात म्हणून असतो, पानांवर फवारणीचं औषध उरलेलं असतं म्हणूनही असतो. त्याचा आणखी एक गुण शिवणाऱ्या बाईच्या चटकन लक्षात येतो. पुरुषाच्या शर्टाची पाठ रुंद असते. वेचताना दोन्ही हात दिवसभर पुढे असतात आणि कंबर किंचित वाकलेली असते. शर्ट ते सहन करतो. आतलं पोलकं पाठीवर ताणतं आणि काखेच्या मागे, बाहीच्या शिवणीपाशी उसवतं. पुन्हा टीप मारली तरी पुन्हा तिथेच जातं.

"काखीत ताणते ना जी," म्हणत बाई ते पोलकं शिवणारीकडे घेऊन येते. बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेलं असतं: मुंढा अर्धा इंच खाली उतरवून देते. आरशासमोर उभं राहिलं की बरं वाटतं. वावरात मात्र ताण वाढतो, कारण मुंढा, म्हणजे बाही जोडायचा गोल काप, जितका खाली, तितकी बाही पोलक्याच्या बाजूला खाली जखडलेली राहते आणि हात पुढे नेला की अख्खं पोलकं हातामागे ओढलं जातं. इलाज नेमका उलटा आहे. मुंढा अर्धा इंच वर, काखेच्या जवळ घ्यायचा. बाहीला दंडाशी घेर वाढवायचा. पाठीची रुंदी मोजताना बाईला हात पुढे करायला सांगायचं आणि तेव्हा येईल ते माप धरायचं. जुन्या अंगरख्यांत आणि कुडत्यांत याच कारणासाठी काखेत कापडाचा वेगळा तुकडा, चौबगला, घालत. ज्यांनी तो बेतला त्यांना माणूस हात हलवतो हे पक्कं ठाऊक होतं.

स्वतःचे कपडे स्वतः शिवण्याबद्दल बोलताना लोक आधी पैशाची बचत काढतात. बचत होते, पण माझ्या मते या कलेचं खरं मोल या अर्ध्या इंचात आहे. शिवणारी आणि घालणारी एकच असली की माप नुसत्या अंगाचं राहत नाही. दिवसभराच्या कामाचंही होतं.

या जिल्ह्याला कापसाचा तोटा कधीच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक-निक्सन कंपनीची नॅरोगेज गाडी, पुढे शकुंतला म्हणून ओळखली गेलेली, यवतमाळहून मूर्तिजापूरला धावू लागली ती इथला कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरला पोचवण्यासाठी. आज यवतमाळला लागून लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत रेमंड यूकोच्या कारखान्यात डेनिम विणलं जातं. कापूस इथे पिकतो, कापडही इथे विणलं जातं, पण अंगावर चढतो तो कपडा बाहेरून एस, एम, एल असे शिक्के घेऊन येतो. हे शिक्के कोणाच्या अंगावरून ठरले, हा प्रश्न साधा नाही. आपल्याकडचे कितीतरी ब्रँड परदेशी तक्त्यांत थोडा फेरफार करूनच काम चालवत आले. भारतीयांचा स्वतःचा तक्ता असावा म्हणून निफ्टने, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, 'इंडियासाइझ' हा प्रकल्प हाती घेतला. दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता आणि शिलाँग या सहा शहरांत १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांवर लोकांना त्रिमितीय स्कॅनरने मोजायचं, असा त्याचा आराखडा. काम मोलाचं आहे आणि ते व्हायलाच हवं होतं. तरी स्कॅनरसमोर माणूस ताठ उभा राहतो, आणि वेचणीत ताठ कोणीच उभं नसतं. तक्त्याला वावरातली पाठ दिसणार नाही. ती दिसते टेप हातात धरणाऱ्या बाईला.

ही बाई घडते शिवणक्लासात. यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, पांढरकवडा, कोणत्याही गावात चौकशी करा, कोणाच्या तरी ओसरीवर क्लास चालू असतो. पहिले काही दिवस मशीनला दोराच नसतो. वहीचा कोरा कागद सुईखाली घालून रेषेवरून भोकं पाडायची. पायाला लय सापडली, चाक उलटं फिरायचं थांबलं, की मग कापड. आधी झबलं आणि टोपडं, कारण बाळाच्या कपड्यात चूक खपते आणि कापड कमी लागतं. पुढे लंगोट, सहा कळ्यांचा परकर, मग ब्लाऊज आणि पंजाबी ड्रेस. प्रत्येक कपड्याची छोटी आखणी करून, कागदाचे तुकडे कापून वहीत चिकटवायचे. अशा वह्या घरोघरी जपून ठेवलेल्या असतात. लग्न होऊन गेलेली मुलगी त्या सासरी नेते.

मशीन बहुधा पायाचं. लोखंडी सांगाडा, चामडी पट्टा, वर काळी मुंडी, खाली बॉबीन. विजेचा भरवसा नसलेल्या गावात हे यंत्र टिकून आहे याचं नवल नाही. सुईचं नाक टोकाशी असतं, वरचा दोरा कापडाखाली जातो, शटल त्याची फासणी पकडून बॉबीनच्या दोऱ्याभोवती फिरवतं, आणि दोन्ही दोरे कापडाच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. टीप खालून सैल दिसली तर वरचा ताण कमी पडतोय. सुती कापडाला १४ नंबरची सुई, जाडाला १६, जीन्स आखूड करायची तर १८. गांधीजींनी यंत्रांच्या हव्यासावर इतकं लिहिलं, पण १९२४ मध्ये 'यंग इंडिया'त सिंगरच्या शिवणयंत्राला त्यांनी अपवाद ठरवलं. माणसाची मेहनत हलकी करणारं आणि त्याला बाजूला न सारणारं यंत्र त्यांना मान्य होतं. पुढे १९३६ पासून ते राहिले ते शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात, सेवाग्रामला.

पश्चिमेकडे घरी शिवणाऱ्या बाईला पाकिटातला तयार कागदी फरमा मिळतो. १८६३ मध्ये अमेरिकेत एबेनेझर बटरिक नावाच्या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे असे फरमे विकायला काढले, तेव्हापासून. आपल्या क्लासात पाकीट नसतं. माप घ्यायचं आणि कोऱ्या कागदावर आखायचं. ही फार मोठी जमेची बाजू आहे, आणि आपण तिचा पुरता उपयोग करत नाही याची मला खंत वाटते. कारण माप म्हणून खरं घेतलं जातं ते छातीचं, आणि बाकीचं बरंचसं त्यातून सूत्राने काढलं जातं. गळ्याची रुंदी म्हणजे छातीचा बारावा भाग. मुंढा म्हणजे छातीचा सहावा भाग अधिक एक इंच. छाती ३६ असेल तर गळा ३ इंच, मुंढा ७. उत्तम बसतं. छाती ४२ झाली की गळा साडेतीन आणि मुंढा ८ होतो, आणि तिथे घोटाळा सुरू होतो. बाळंतपणानंतर किंवा वयाने छाती भरली म्हणून मानेचं हाड रुंद होत नाही, खांदेही वाढत नाहीत. म्हणून भरल्या अंगाच्या बाईचं पोलकं खांद्यावरून उतरतं, काखेत पिशवी लोंबते आणि पुढे हूक मात्र ताणलेले राहतात. "माझं अंगच बेढब," असं ती म्हणते. अंग नीट असतं, सूत्र तोकडं पडलेलं असतं.

यावरचा उपाय कागदावर आहे आणि तो कोणत्याही क्लासात एका दुपारी शिकवता येईल. दोन मापं घ्यायची: एक काखेतून, उभाराच्या वरून, आणि दुसरं भरलेल्या छातीवरून. समजा वरचं ३४ आलं आणि भरलेलं ३८. साध्या आखणीत या दोन मापांत साधारण दोन इंचांचा फरक धरलेला असतो, म्हणून आखणी ३६ ची करायची. गळा, खांदा, मुंढा, पाठ सगळं ३६ चं. उरलेले दोन इंच फक्त पुढच्या भागाला हवेत, म्हणजे हुकाच्या उजव्या आणि डाव्या भागाला एकेक इंच. पुढच्या भागाचा कागद खालच्या कडेपासून टक्सच्या, म्हणजे आकारासाठी घातलेल्या चिमटीच्या, टोकापर्यंत कापायचा आणि तिथून मुंढ्याकडे वळवायचा. मुंढ्याशी तो तुटू द्यायचा नाही, दाराच्या बिजागरीसारखा जेमतेम जोडलेला ठेवायचा. बाजूच्या टक्सच्या मधूनही टोकापर्यंत एक छेद द्यायचा. मग कागद एक इंच उघडायचा, खाली दुसरा कागद चिकटवायचा, टक्स तेवढा मोठा करून खालची कड सरळ करायची. पाठीला हात लावायचा नाही. नेहमीच्या पद्धतीत चारही बाजूंनी अर्धा अर्धा इंच वाढवतात, म्हणजे जिथे नको तिथेही कापड जातं.

हीच युक्ती दुसरीकडे चालते. वयाने पाठीला बाक आलेल्या बाईचं पोलकं मागून वर सरकतं आणि कमरेच्या वर पाठ उघडी पडते. पाठीच्या कागदाला खांद्याच्या हाडाशी आडवा छेद देऊन मधोमध अर्धा इंच उघडला की ते जागेवर बसतं. एक खांदा उतरता असेल तर दोन्ही खांदे वेगळे आखायचे. कॅन्सरमुळे एक स्तन काढावा लागलेल्या बाईच्या पोलक्यात आतून मऊ सुती कापडाचा कप्पा शिवून देता येतो, त्यात घडी किंवा कापूस नीट बसतो. ही गोष्ट तिला दुकानात मागायला संकोच होतो. घरी ती स्वतः शिवू शकते किंवा बहिणीकडून शिवून घेऊ शकते.

नवीन आखणी थेट चांगल्या कापडावर कोणी करू नये. जुन्या चादरीवर कापायचं, मोठी कच्ची टीप घालायची, अंगावर चढवून हात पुढे, वर, मागे नेऊन बघायचं आणि खडूने खुणा करायच्या. मॅचिंग सेंटरमधून आणलेलं टू बाय टू किंवा सुती अस्तर रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावायची, नाहीतर पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुगतं. बाजूच्या शिवणीत एकेक इंच माया सोडायची. अंग वर्षभर सारखं राहत नाही.

पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव भागातल्या तांड्यांत या सगळ्याचं अगदी वेगळं उत्तर पूर्वीपासून आहे. बंजारा बाईची काचळी पाठीवर उघडी आणि नाड्यांनी बांधायची. फेटिया, म्हणजे घागरा, चुण्यांचा आणि कमरेला नाडीचा. पुढे आरसे, कवड्या, नाणी, रंगीत कापडाचे तुकडे आणि दाट भरतकाम. शिवतात बायाच, आईकडून लेकीकडे. बघणाऱ्याचं लक्ष आरशांवर जातं. मला मोठी वाटते ती पाठीवरची गाठ. गरोदरपण येवो, अंग भरो की सुटो, गाठ पुढेमागे केली की कपडा पुन्हा बसतो, आणि भरतकामात गेलेले महिने वाया जात नाहीत. आता तरुणी रोज साडी किंवा ड्रेस घालतात आणि काचळी तीज, होळीला पेटीतून निघते. काचळीची बांधणी नव्या पोलक्यांत यावी असं मला मनापासून वाटतं. पाठीला नाडी लावलेलं ब्लाऊज फॅशन म्हणून शिवलंच जातं. ते सोय म्हणूनही शिवता येईल.

सरकार मशीन द्यायला उत्सुक असतं. शेतकरी आत्महत्यांमुळे ज्या जिल्ह्याचं नाव सतत बातम्यांत राहिलं, तिथे एकट्या पडलेल्या बाईला मदत म्हणून शिलाई मशीनच आधी आठवतं. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत शिवणकामही आहे, आणि अवजारांसाठी १५ हजार रुपये आहेत. मूळ प्रशिक्षण मात्र ५ ते ७ दिवसांचं. एवढ्यात टीप सरळ येते, आखणी येत नाही. आखणी न येणारी बाई दुसऱ्याने कापून दिलेलं जोडत बसते आणि नगावर मजुरी घेते.

माप समोर न घेता शिवलं की काय होतं, याचा एक धडा राज्याने २०२४ मध्ये घेतला. 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून शाळकरी मुलांच्या गणवेशाचं कापड वरूनच घेतलं गेलं आणि शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडे गेली. गणवेश उशिरा आले, अनेक मुलांना बसेनात, पालक आणि शिक्षक तक्रारी करत राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. टीप मारणाऱ्या बायांना बोल लावण्यात अर्थ नव्हता. ज्या मुलाचा सदरा, ते मूल त्यांच्यासमोर उभं नव्हतं. आता समितीने गावातल्याच शिवणाऱ्या बाईला शाळेत बोलवावं, एकेका पोराला तिच्या टेपसमोर उभं करावं आणि मापांची वही शाळेतच ठेवावी. बाहीला आणि चड्डीला दुमडीत दोन इंच माया ठेवायला तिला सांगावं लागणार नाही. पुढच्या जूनमध्ये ती उसवायची असते, हे तिला ठाऊक असतं.