लायडनचं पत्र : भिंतीवरचा हिशेब

लायडन : इथल्या बूरहाव्हे संग्रहालयाच्या भिंतीवर आइनस्टाइनचं समीकरण मोठ्या अक्षरांत रंगवलंय. त्याच्यासमोरून जाताना मला दर वेळी माझं आजोळ घाटघर आठवतं. तिथं नाणेघाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या लेण्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा यज्ञांचा खर्च कोरलाय. एका ठिकाणी दक्षिणा 24,400 कार्षापणं, दुसरीकडे 6,001. राजघराण्याचा हिशेब, तोही घाटवाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा.

लोकांच्या पैशातून झालेलं संशोधनही असंच लोकांना फुकट वाचता यावं, हे नेदरलँड्सनं कधीच मान्य केलंय. 2015 पासून इथला कायदाच संशोधकाला आपला लेख सर्वांसाठी खुला करण्याचा हक्क देतो. पण मला भावलं ते त्यापुढचं पाऊल. 2023 मध्ये ‘ओपन सायन्स एनएल’ हा उपक्रम सुरू झाला आणि सरकारनं त्याच्यामागे वर्षाला 2 कोटी युरो उभे केले. यातला काही पैसा खुलेपणाचीच परीक्षा घेणाऱ्या संशोधनाला मिळतो. माहिती खुली केल्यावर ती खरंच कोणी वापरतं का? छापण्याचं शुल्क लेखकाच्या माथी आलं, तर गरीब विद्यापीठं मागे पडतात का? धोरण चांगलं आहे असं गृहीत न धरता ते तपासायचं, ही इथली रीत. 2011 मध्ये टिलबर्ग विद्यापीठातल्या डिडेरिक स्टापेल या प्राध्यापकानं बनावट आकडे वापरल्याचं उघड झालं आणि सगळा देश हादरला. पुढे 2016 मध्ये जुने प्रयोग पुन्हा करून पाहण्यासाठी 30 लाख युरोंची वेगळी योजना निघाली.

खुली केलेली माहिती खरंच वापरली जाते, याचा एक पुरावा आपल्याच जुन्नर तालुक्यात आहे. खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांनी 2010 ते 2012 या काळात जवळजवळ सगळं आकाश टिपलं. ती कच्ची नोंद साठवून ठेवली होती, मागणाऱ्याला मिळत होती. लायडन वेधशाळेच्या हाउब इंटेमा यांनी सहकाऱ्यांसह ती नव्या पद्धतीनं पुन्हा सोडवली आणि 2017 मध्ये सहा लाखांहून अधिक रेडिओस्रोतांची यादी सर्वांसाठी खुली केली. तिच्यातूनच 2018 मध्ये इथल्या संशोधकांना तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका सापडली. तिच्या लहरी 1,200 कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या. नोंद कपाटात कुलूपबंद राहिली असती, तर हे झालं नसतं. ज्या शेतकऱ्यांच्या शिवारांलगत त्या तबकड्या उभ्या आहेत, त्यांना ही गोष्ट कोणीतरी सांगायला हवी.

एका उदाहरणावर मात्र धोरण उभं राहत नाही. भारत सरकारनं नोव्हेंबर 2024 मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या संशोधन-नियतकालिकांच्या सामाईक वर्गणीच्या योजनेला मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. विद्यार्थ्यांसाठी ही मोठीच सोय आहे. पण वर्गणी संस्थेची. संस्थेबाहेरच्या शेतकऱ्याला, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला तिचा काय उपयोग? छोट्या कॉलेजातले प्राध्यापक त्यातलं किती वाचतात आणि वाचून त्यांच्या शिकवण्यात काय बदलतं? हे मोजायला माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. पुण्यात हे काम करू शकतील अशा संस्था आणि अभ्यासक दोन्ही आहेत. दिल्लीनं या रकमेतून रुपयामागे एक पैसा त्यांच्यासाठी काढून ठेवावा. त्याचे 60 कोटी होतात.