मैत्रिणी पडद्यावर आल्या तेव्हा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दोन स्त्रियांचं एकमेकींवर प्रेम असू शकतं, हे आपल्याकडे घरात सहसा बोललं जात नाही. 'त्या दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी' एवढ्यावर विषय मिटतो. मग हीच गोष्ट पडद्यावर उघडपणे आली तर काय होतं? नव्वदच्या दशकात दीपा मेहतांच्या 'फायर'ने ते दाखवून दिलं.

मराठीला हा विषय अगदी नवा नव्हता. १९८१ साली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आलं. त्यातली मित्रा रोहिणी हट्टंगडींनी उभी केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या 'उंबरठा'मध्ये आश्रमातल्या दोन स्त्रियांच्या संबंधांचा प्रसंग होता. दोन्ही कलाकृती धाडसाच्या. पण मित्रा शेवटी आत्महत्या करते आणि आश्रमातल्या त्या दोघी व्यवस्थापनापुढची अडचण ठरतात. आपण हळहळतो आणि घरी जातो.

१९९६ साली तयार झालेल्या 'फायर'मध्ये दिल्लीतलं एकत्र कुटुंब आहे. थोरली जाऊ राधा म्हणजे शबाना आझमी, धाकटी सीता म्हणजे नंदिता दास. एकीचा नवरा ब्रह्मचर्याच्या मागे, दुसरीच्या नवऱ्याचं मन बाहेर गुंतलेलं. या जावा एकमेकींच्या होतात, घर सोडतात आणि मुख्य म्हणजे जिवंत राहतात. खरा फरक इथे आहे.

सेन्सॉर बोर्डाने 'ए' प्रमाणपत्र दिलं. हिंदी आवृत्तीत सीतेची नीता झाली. नोव्हेंबर १९९८ मध्ये चित्रपट आपल्याकडे प्रदर्शित झाला आणि २ डिसेंबरला मुंबईत गोरेगावच्या चित्रपटगृहात शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांनी मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी दिल्लीत 'रीगल'वर तोच प्रकार झाला. चित्रपट पुन्हा सेन्सॉरकडे गेला. दिलीपकुमार आदी मंडळींनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. फेब्रुवारी १९९९ मध्ये तो पुन्हा पडद्यावर आला, तोही नव्याने काही न कापता.

या गोंधळात एक गोष्ट घडली. त्याच डिसेंबरात 'रीगल'बाहेर निदर्शनं झाली, तेव्हा काही स्त्रिया 'भारतीय आणि लेस्बियन' असा फलक घेऊन उभ्या राहिल्या. 'आपल्याकडे असलं काही नसतं' या म्हणण्याला ते साधं उत्तर होतं.

चित्रपटावर एक रास्त आक्षेपही आला. नवरे चांगले असते, तर या दोघी एकमेकींकडे वळल्या असत्या का? स्त्रीचं स्त्रीवरचं प्रेम म्हणजे नवऱ्याच्या उपेक्षेवरचा उतारा, असा समज त्यातून होऊ शकतो. प्रत्यक्षात ते प्रेम स्वतंत्रपणेही असतं. पुढे २००४ च्या 'गर्लफ्रेंड'ने तर अशी स्त्री माथेफिरू आणि खुनशी दाखवली.

पडद्यावरच्या चित्राने एवढं काय बिघडतं, असं कुणी विचारेल. आपल्या रत्नागिरीतल्या एखाद्या मुलीचा विचार करा. घरात स्थळं बघणं चालू आहे, आणि तिचं मन मैत्रिणीत आहे. तिला पडद्यावर एक तर मरणारी दिसते, नाही तर मारणारी. आपलं काय होणार, याचा अंदाज ती त्यावरूनच बांधणार.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र अशा विवाहाला मान्यता मिळाली नाही. कायदा त्याच्या गतीने चालेल. पण मुलगी 'मला हे लग्न नको' म्हणाली, तर स्थळाची घाई न करता तिचं म्हणणं पुरतं ऐकून घेणं, हे आपल्याच हातात आहे. त्याला कुठल्या प्रमाणपत्राची गरज नाही.