विश्लेषण : जपानमध्ये घरी फळांचे मद्य मुरवायला परवानगी, मग द्राक्षांनाच मनाई का?

जून महिना सुरू झाला की जपानच्या सुपरमार्केटमध्ये एक ठरावीक मांडणी दिसते. हिरवी, टणक फळे, खडीसाखरेची पाकिटे, चार लिटरच्या काचेच्या बरण्या आणि शेजारीच रंगहीन मद्याचे कागदी खोके. हे सगळे साहित्य ‘उमेशू’ या घरगुती पेयाचे. ज्या देशात परवान्याशिवाय मद्यनिर्मिती केल्यास दहा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, तिथेच फळे मद्यात मुरवून ठेवण्याची मुभा सर्वसामान्य कुटुंबांना आहे. मात्र तिला काटेकोर अटी आहेत आणि द्राक्षे तर चक्क वर्ज्य आहेत. या अटींमागे कर आहे, तसेच रसायनशास्त्रही आहे. समाजमाध्यमांवरील पाककृती पाहून फळे मद्यात मुरवण्याचा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी दोन्ही समजून घ्यायला हवे.

उमेशू म्हणजे काय?

‘उमे’ हे जपानी फळ. इंग्रजीत त्याला प्लम म्हटले जाते, पण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते जर्दाळूला अधिक जवळचे आहे. ते अतिशय आंबट असते आणि कच्चे खाल्ले जात नाही. मिठात मुरवून त्याची ‘उमेबोशी’ करतात आणि मद्यात मुरवून उमेशू. १६९७ मधील ‘होंचो शोक्कान’ या खाद्यविषयक ग्रंथात या पेयाचा उल्लेख आहे. जपानी भाषेत पावसाळ्याला जो शब्द आहे, त्याची अक्षरेच ‘उमे’ आणि ‘पाऊस’ अशी आहेत, कारण फळ हाती येते ते याच दिवसांत.

देशातील निम्म्याहून अधिक उमे एकट्या वाकायामा प्रांतात पिकतात. तेथील मिनाबे-तानाबे भागातील उमेशेतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडे उन्हाळ्यात लोणच्याच्या बरण्या भरतात, तशा तिथे जूनमध्ये उमेशूच्या भरल्या जातात.

ते घरी कसे मुरवले जाते?

रूढ प्रमाण साधे आहे : एक किलो हिरवी उमे, अर्धा ते एक किलो खडीसाखर आणि ३५ टक्के अल्कोहोल असलेले १.८ लिटर ‘व्हाइट लिकर’. हे लिकर म्हणजे शोचू या ऊर्ध्वपातित मद्याचा चव-गंध नसलेला प्रकार. फळे धुऊन पूर्ण कोरडी करायची, देठाचा बारीक तुकडा टूथपिकने काढायचा, बरणीत फळे आणि खडीसाखर यांचे थर द्यायचे, वरून मद्य ओतायचे आणि बरणी थंड, अंधाऱ्या जागी ठेवायची. तीन महिन्यांनी ते पिण्याजोगे होते. चव उतरायला मात्र वर्षभर थांबण्याची पद्धत आहे.

पिठीसाखर किंवा साधी साखर न वापरता खडीसाखर वापरण्यामागे कारण आहे. ती हळूहळू विरघळते. त्यामुळे सुरुवातीला मद्य फळात शिरते. पुढे बाहेरच्या द्रवात साखरेचे प्रमाण वाढत जाते आणि फळातील रस, आम्ल व सुगंध बाहेर खेचले जातात. कोकणात कोकमाच्या साली साखरेत घालून बरणी उन्हात ठेवली की काही दिवसांत अमृत कोकम सुटते, त्यामागचे तत्त्व हेच. साखर एकदम विरघळली, तर मद्य आत शिरण्याआधीच फळ आक्रसते.

मुरवणे आणि आंबवणे यांत फरक काय?

घरगुती मद्याबाबतचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. मद्याशी संबंधित प्रक्रिया ढोबळमानाने तीन. पहिली आंबवणे : यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल तयार करते. वाइन, बीअर, ताडी ही त्याची उदाहरणे. दुसरी ऊर्ध्वपातन : आंबवलेला द्रव तापवून त्याच्या वाफेतून अधिक तीव्र मद्य मिळवणे. व्हिस्की, फेणी आणि हातभट्टीही याच प्रकारात मोडते. तिसरी मुरवणे : आधीच तयार असलेल्या तीव्र मद्यात फळ, साल किंवा मूळ ठेवून त्याचा स्वाद उतरवणे.

मुरवताना नवे अल्कोहोल तयार होत नाही. बाटलीत जितके होते तितकेच बरणीत राहते. फळातील पाण्यामुळे त्याचे प्रमाण उलट कमी होते. जपानच्या सवलतीचा पाया हाच आहे.

मुळात बंदी का होती?

सरकारच्या तिजोरीसाठी. जपानने घरी मद्य तयार करण्यावर १८९९ मध्ये पूर्ण बंदी घातली. त्या काळात मद्यकर हा राष्ट्रीय कर उत्पन्नाचा सर्वांत मोठा स्रोत बनला होता आणि एकूण करांतील त्याचा वाटा साधारण एक तृतीयांश होता. घरोघरी मद्य बनले असते, तर हे उत्पन्न बुडाले असते. आजचा कायदा १९५३ चा असून त्याचे नावच ‘मद्यकर कायदा’ आहे. अंमलबजावणीही राष्ट्रीय कर संस्थेकडे आहे.

कर भरलेल्या मद्यात दुसरा पदार्थ मिसळणे म्हणजे नव्या मद्याची निर्मिती, असे हा कायदा मानतो. त्यामुळे आजीच्या स्वयंपाकघरातील उमेशूही कागदोपत्री बेकायदा ठरत होते. लोक ते करत राहिले, सरकारही फारसे लक्ष देत नव्हते. अखेर १९६२ मध्ये कायद्यात बदल करून घरगुती उमेशूला मोकळीक देण्यात आली. मद्यावरचा कर आधीच वसूल झालेला असल्याने आणि नवे अल्कोहोल तयार होत नसल्याने सरकारचे नुकसान होणार नव्हते.

सवलतीच्या अटी कोणत्या?

मुख्य अटी पाच. वापरायचे मद्य कर भरलेले आणि किमान २० टक्के अल्कोहोलचे असावे. मिसळल्यानंतर एक टक्का किंवा त्याहून अधिक नवे अल्कोहोल तयार होईल असे आंबवण होऊ नये. तांदूळ, गहू, बार्ली, मका, ज्वारीसारखी धान्ये किंवा त्यांपासून केलेले विरजण घालू नये. द्राक्षे, अगदी रानद्राक्षेही, वापरू नयेत. आणि तयार झालेले पेय स्वतःच्या घरात प्यावे, विकू नये.

यातील पहिली अट किती सहज मोडते, हे २००७ मध्ये दिसले. एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या पाककृती कार्यक्रमात ‘मिरिन’ या गोड, स्वयंपाकात वापरल्या जाणाऱ्या मद्यात उमे मुरवण्याची कृती दाखवण्यात आली. मिरिनमध्ये अल्कोहोल २० टक्क्यांहून कमी असते. ही कृती कायद्याचा भंग करणारी असल्याचे लक्षात आल्यावर संस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

खानावळी आणि अतिथिगृहांना २००८ पासून वेगळी सवलत मिळाली. कर कार्यालयाला कळवून ते स्वतः मुरवलेले पेय आपल्याच जागेत ग्राहकांना देऊ शकतात. मात्र त्यासाठी वर्षाला एक किलोलिटर मद्याची मर्यादा आहे आणि बाटली भरून घरी नेता येत नाही.

मग द्राक्षांनाच मनाई का?

द्राक्षाचा स्वभाव पाहिला की कारण लक्षात येते. पिकलेल्या द्राक्षाच्या रसात साखरेचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असू शकते आणि सालीवर यीस्ट नैसर्गिकरीत्याच असते. द्राक्षे चुरडून ठेवली, की काही न घालताही ती आंबू लागतात. वाइनचा इतिहासच तसा सुरू झाला. म्हणजे ‘मुरवत होतो’ या नावाखाली घरात वाइन तयार होण्याची शक्यता द्राक्षांत सर्वाधिक. तांदळासारख्या धान्यांबाबतही तोच विचार दिसतो. त्यात विरजण पडले, की ‘साके’कडे वाटचाल सुरू. हिरवी उमे याच्या अगदी उलट : टणक, अत्यंत आंबट आणि साखर नगण्य.

यात एक गंमत आहे. उमेशूसाठी जगभर ओळखली जाणारी ‘चोया’ ही कंपनी १९१४ मध्ये द्राक्षबागायतीतून सुरू झाली, पुढे वाइनकडे वळली आणि उमेशूचे उत्पादन तिने १९५९ मध्ये सुरू केले.

वीस टक्क्यांचा आकडा कुठून आला?

बहुतेक यीस्टचे काम अल्कोहोल १५ ते १८ टक्क्यांवर पोहोचले की थांबते. साकेसारख्या खास प्रक्रियेतही आंबवणाची मजल २० टक्क्यांच्या आसपासच जाते. त्याहून तीव्र द्रवात नवे आंबवण होणे कठीण. वीसची रेषा ओढली की ‘हे मुरवणेच आहे’ असे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते.

पण ही किमान मर्यादा पाळली म्हणजे बरणी सुरक्षित राहीलच असे नाही. साधा हिशेब पाहा. ३५ टक्क्यांच्या १.८ लिटर मद्यात शुद्ध अल्कोहोल ६३० मिलिलिटर असते. एक किलो फळांतील पाणी आणि साखर मिसळून द्रव सुमारे तीन लिटर झाला, तर अल्कोहोल २१ टक्क्यांवर येते. सुरुवात २० टक्क्यांच्या मद्याने केली, तर तोच आकडा १२ टक्क्यांवर घसरतो. ही पातळी वाइनइतकी. इथे यीस्ट जगू शकते आणि बुरशीचा धोकाही वाढतो. म्हणूनच जपानी कुटुंबे ३५ टक्क्यांचेच लिकर घेतात. कलिंगड, अननसासारख्या पाणीदार फळांत द्रव आणखी पातळ होतो.

धोके कोणते?

‘घरगुती दारू’ म्हटले की महाराष्ट्राला विषारी दारूची प्रकरणे आठवतात. २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात शंभरहून अधिक जणांचा बळी गेला, तो मिथेनॉलमुळे. मिथेनॉल हे औद्योगिक वापराचे रसायन. चवीला ते वेगळे ओळखू येत नाही आणि थोड्या मात्रेतही अंधत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो. बाटलीबंद, वैध मद्यात फळे मुरवल्याने असे विष तयार होत नाही. पण मूळ मद्यच बेकायदा, खुले किंवा अनोळखी ठिकाणचे असेल, तर त्यात कितीही फळे आणि साखर घातली तरी विष निघून जात नाही. उलट गोडव्यामुळे संशयही येत नाही. प्यायल्यानंतर काही तासांनी दृष्टी धूसर होणे, पोटदुखी, धाप लागणे अशी लक्षणे दिसल्यास वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

दुसरा धोका बियांचा. कच्च्या उमेत, तसेच जर्दाळू, पीच यांच्या बियांच्या गरात अ‍ॅमिग्डालिन असते आणि त्यापासून सायनाइड तयार होऊ शकते. म्हणून बिया फोडून बरणीत घालू नयेत.

तिसरा धोका गोडव्याचा. २० टक्क्यांच्या १०० मिलिलिटर पेयात सुमारे १६ ग्रॅम अल्कोहोल असते, म्हणजे बीअरच्या तितक्याच प्रमाणाच्या चौपट. पण चव सरबतासारखी लागते. बरणीतून काढलेल्या फळातही अल्कोहोल असते. घरात मुले असतील, तर बरणीवर नाव लिहून ती त्यांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणे आवश्यक. जपानमध्ये सज्ञान होण्याचे वय २०२२ मध्ये १८ करण्यात आले, पण मद्यपानाचे वय २० वरच कायम राहिले. मुलांसाठी तिथे उमे केवळ साखरेत मुरवून बिनमद्याचे सरबत करतात.

महाराष्ट्र आणि गोव्यात स्थिती काय?

मुरवण्याची पद्धत या पट्ट्याला नवी नाही. गोव्यात फेणीमध्ये ‘दुकशिरी’, म्हणजे अनंतमुळाची मुळे, मुरवण्याची जुनी रीत आहे. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

महाराष्ट्रात मात्र कायद्याची चौकट वेगळी आहे. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा म्हणून लागू आहे. या कायद्यानुसार मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठीही परवाना लागतो. व्होडका, जिन, रमसारख्या मद्यासाठी वयाची अट २५ वर्षे, तर बीअर आणि वाइनसाठी २१ वर्षे आहे. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी लागू आहे. परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा असून कायद्यातील निर्मितीच्या व्याख्येत मिश्रणाचाही समावेश होतो. घरी फळे आंबवून वाइन करणे किंवा भट्टी लावणे हे तर सरळ गुन्ह्याच्या कक्षेत येते. स्वतः मुरवलेले पेय ओळखीच्यांना पैसे घेऊन देणे किंवा समाजमाध्यमांवरून मागणी घेणे म्हणजे विनापरवाना विक्रीच. त्यामुळे जपानी पाककृती जशीच्या तशी उचलताना तिथली कायदेशीर मोकळीक इथे लागू नाही, हे ध्यानात ठेवावे लागते.