मंडळीतली बहीण, घरातली बहीण

नगर, जालना, नाशिक, पुणे या भागांतल्या पुष्कळ गावांत ख्रिस्ती लोकांची वस्ती आहे. रविवारी सकाळी चर्चची घंटा वाजते. माणसं धुतलेले कपडे घालून, पोरांचा हात धरून निघतात. आत गेलं की सगळे एकमेकांना भाऊ आणि बहीण म्हणतात. जमलेल्या सगळ्यांना मिळून ‘मंडळी’ म्हणायचं. म्हणजे चर्च ही नुसती दगडविटांची इमारत नव्हे. ते एक मोठं घर आहे. तुम्ही ख्रिस्ती असा किंवा नसा, या मोठ्या घराचा लहान घराला काय उपयोग होतो, आणि कुठं तो व्हायचा राहून जातो, हे समजून घेण्यासारखं आहे.

एकदा आम्ही एका घरी गेलो होतो. घरातले म्हातारे बाबा वारले होते. त्यांच्या स्मरणाची उपासना झाली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली. मग चहा आला. चहाच्या पाठोपाठ धाकटा भाऊ एक कागद घेऊन आला. थोरली बहीण सासरहून आली होती. तिच्यापुढं कागद ठेवून तो म्हणाला,

“आक्का, एवढी सही कर. उद्या तालुक्याला जाऊन रजिस्टर करू.”

“कसला रे कागद?”

“हक्कसोडपत्र. सगळ्याच बहिणी देतात.”

आक्कानं पाळकसाहेबांकडं पाहिलं. पाळकसाहेब बशीकडं पाहत होते. आम्हीही काही बोललो नाही. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत आपण कशाला पडा, असं आम्हांला वाटलं. आक्कानं अंगठा उमटवला.

दोन वर्षांनी आक्काचा नवरा गेला. दिरांनी तिला घराबाहेर काढलं. ती माहेरी आली, तर तिथं तिच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. भावजयीच्या हाताखाली ती राहू लागली. रविवारी मात्र चर्चमध्ये सगळे तिला बहीणच म्हणत होते.

आता कायदा काय सांगतो ते पाहू. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता वारला, तर त्याच्या मिळकतीची वाटणी १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणं होते. (गोव्यात वेगळा कायदा आहे.) बायको आणि मुलं मागं राहिली, तर तीन भागांतला एक भाग बायकोचा. उरलेले दोन भाग मुलांचे. मुलगा आणि मुलगी यांत फरक नाही. हिशेब करून पाहा. सहा एकर जमीन आहे. मागं बायको, दोन मुलगे आणि दोन मुली आहेत. बायकोला दोन एकर. उरले चार एकर. चार मुलं, म्हणून प्रत्येकाला एक एकर. मुलीचं लग्न झालं म्हणून तिचा एकर कमी होत नाही. लग्नात हुंडा दिला, दागिने घातले, म्हणूनही कमी होत नाही. आक्काचा एक एकर होता. तो तिनं एका अंगठ्यानं दिला, आणि आपण काय देतोय हे तिला कुणी सांगितलं नाही.

हा हक्क सगळीकडं सहज मिळाला असं समजू नका. केरळात, जुन्या त्रावणकोर संस्थानच्या भागात, ख्रिस्ती लोकांना संस्थानचा जुना कायदा लावत. त्या कायद्यात मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते मिळे. मेरी रॉय नावाच्या शिक्षिकेनं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९८६ साली निकाल लागला. १९२५ चा कायदाच तिथं चालेल, आणि मुलीचा वाटा मुलाएवढा, असं न्यायालयानं सांगितलं. तेव्हा तिथल्या काही चर्चपुढाऱ्यांनी या निकालाला विरोध केला. घरं फुटतील, असं त्यांचं म्हणणं. आम्हांला हे म्हणणं पटत नाही. बहिणीला वाटा दिल्यानं जे घर फुटतं, ते आधी कुणाच्या गप्प बसण्यावर उभं होतं, हे विचारायला नको का?

चर्चनं बाईला हात दिला, आणि चर्चनंच तिला अडवलंही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आधी हात दिल्याची गोष्ट. सिंथिया फॅरार नावाची अमेरिकन बाई १८२७ साली मिशनच्या कामासाठी मुंबईस आली. पुढं ती नगरला गेली आणि तिथं मुलींना शिकवू लागली. १८४८ साली जोतीराव फुले यांनी नगरला तिची मुलींची शाळा पाहिली, आणि त्याच वर्षी पुण्यात मुलींची शाळा काढली.

आता पंडिता रमाबाईंची गोष्ट ऐका. रमाबाई १८५८ साली जन्मल्या. आईबापांनी त्यांना संस्कृत शिकवलं. ऐन तारुण्यात त्या विधवा झाल्या. १८८३ साली इंग्लंडात त्यांनी आपल्या लहान मुलीसह बाप्तिस्मा घेतला. तिथं चेल्टनहॅम गावच्या मुलींच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि शिकवतही होत्या. त्यांनी तरुण पुरुषांनाही शिकवावं, असा विचार निघाला. तेव्हा हिंदुस्थानात काम करणाऱ्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं त्यांना बरं दिसेना. रमाबाईंनी पत्र लिहून सांगितलं की, आपण आपल्या देशात पुरुषांच्या सभेत बोलत आलो आहोत, आणि त्यात काही वावगं नाही. नव्या धर्मात येऊन त्यांना थोडेच दिवस झाले होते. तरी त्या दबल्या नाहीत.

देशात परत आल्यावर १८८९ साली त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्या वर्षी ते पुण्यास नेलं. १८९६-९७ साली मोठा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तिथून शेकडो उपाशी मुलीबायांना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगावला त्यांनी ‘मुक्ती’ उभारलं. तिथं बाया नुसत्या आसऱ्याला राहिल्या नाहीत. त्या शेती करू लागल्या, विणू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. रमाबाईंनी बायबलाचं मराठी भाषांतर केलं. त्याचे खिळे त्या बायांनीच जुळवले. १९२२ साली रमाबाई वारल्या, आणि १९२४ साली ते बायबल बाहेर आलं. ज्यांना घरानं टाकलं होतं, त्यांच्या हातून धर्मग्रंथ छापून निघाला. मंडळीत आपलं माणूस होणं म्हणजे काय, हे आम्हांला इथं कळतं. जेवायला पान मिळालं, आणि कामात वाटाही मिळाला.

प्रत्येक गावी केडगाव उभं राहणार नाही. पण गावच्या मंडळीजवळही दोन-तीन चांगली साधनं असतात.

एक म्हणजे चर्चचं दफ्तर. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची तिथं नोंद होते. लग्नाच्या नोंदीचा उतारा बाईजवळ असावा. ‘ही माझी बायकोच नव्हे’ असं उद्या कुणी म्हणालं, तर तो उतारा बोलतो. लग्न ठरलं की चर्चमध्ये त्याची सूचना वाचतात आणि कुणाची हरकत आहे का ते विचारतात. तेव्हा पाळकसाहेबांनी मुलीला एकटीला बोलावून ‘बाळ, तुझ्या मनात आहे ना?’ असं विचारावं. मुलगी अठरा वर्षांची आणि मुलगा एकवीस वर्षांचा पुरा आहे का, तो दाखला पाहावा. पाहुण्यांसमोर मुलगी नाही म्हणत नाही. एकटी असली तर म्हणेल.

दुसरं साधन पाळकाचा शब्द. नवरा मारतो म्हणून बाई पाळकाकडं जाते. पुष्कळदा तिला सांगतात, “बाई, सोस. प्रार्थना कर. घर मोडू नको.” आम्ही हे कानांनी ऐकलं आहे. घर मोडतो तो मारणारा. मार खाणारी मोडत नाही. २००५ चा घरगुती हिंसाचाराविरुद्धचा कायदा सर्व धर्मांच्या बायांना आहे. मारणारा बाईला घराबाहेर काढू पाहत असेल, तरी तिला त्याच घरात राहण्याचा हुकूम मिळू शकतो. १८१ या नंबरावर बाईनं फोन करावा. जीवाला धोका असेल तर ११२ वर करावा. पाळकसाहेब आणि मंडळीतल्या दोन बाया तिच्याबरोबर पोलिस ठाण्यात गेल्या, तर तिथली वागणूक बदलते. नवऱ्यालाही समजतं, की हिच्यामागं माणसं आहेत.

तिसरं म्हणजे कमिटी. उपासनेला बाया जास्त, आणि पैशाचा हिशेब ठेवणाऱ्या कमिटीत पुरुष जास्त, असं पुष्कळ ठिकाणी दिसतं. दक्षिण भारताच्या चर्चनं १९७६ साली बाईला पाळक केलं. २०१३ साली पुष्पललिता या आंध्रातल्या नंद्याळच्या बिशप झाल्या. रोमन कॅथलिक चर्चमध्ये बाई फादर होत नाही. पण भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१० साली स्त्री-पुरुष समानतेचं धोरण लिहून काढलं. लिहिलं हे बरं झालं. ते गावच्या कमिटीत किती उतरलं, हे ज्यानं त्यानं आपल्या गावी मोजावं.

आक्काचं सांगायचं राहिलं. चर्चच्या ओसरीवर रात्रीचा साक्षरतेचा वर्ग निघाला, तेव्हा ती येऊ लागली. वर्षभरात वाचायला शिकली. मग बायांनी आग्रह धरून तिला कमिटीवर घेतलं. परवा आणखी एका घरी स्मरणाची उपासना होती. चहाच्या वेळी तिथंही एक कागद निघाला. आक्का उठली, लेकीच्या शेजारी जाऊन बसली आणि म्हणाली,

“थांब पोरी. आण तो कागद इकडं. आधी मी मोठ्यानं वाचते.”