घाट चढणाऱ्या इंजिनातलं अदृश्य अस्तर

कुंभिवलीहून माल भरून निघालेला ट्रक बोरघाट चढतो, तेव्हा इंजिनातल्या कॅम आणि टॅपेट या भागांमधला तेलाचा थर दाबाखाली फार पातळ होतो. लोखंड लोखंडावर घासू लागतं. तिथे १९४०च्या दशकापासून वापरात असलेलं, तेलात मिसळलेलं झेडडीडीपी हे रसायन कामी येतं. घर्षणाच्या जागी त्याचं विघटन होऊन झिंक फॉस्फेटच्या साखळ्यांचं काचेसारखं अस्तर तयार होतं, जाडी सुमारे १०० नॅनोमीटर! दाब आणि उष्णता वाढली की ते अधिक वेगाने वाढतं, हे २०१५ साली ‘सायन्स’मधल्या शोधनिबंधाने दाखवलं. मला हे फार विलक्षण वाटतं. मात्र झेडडीडीपीतला फॉस्फरस धुरातून जाऊन धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो, म्हणून पेट्रोल गाड्यांच्या तेलात त्याचं प्रमाण मर्यादित ठेवतात.