न पचणाऱ्या चोथ्याचा पचनावरील अंमल

धान्याचा कोंडा, कडधान्यांची टरफले, भाज्यांचे देठ आणि फळांच्या साली यांतील जो भाग माणसाच्या पाचकरसांना दाद देत नाही, त्याला आहारशास्त्रात तंतुमय घटक आणि व्यवहारात चोथा म्हणतात. न पचणारा म्हणून तो दीर्घकाळ निरुपयोगी मानला गेला. मात्र युगांडात वैद्यकीय सेवा केलेले डेनिस बर्किट आणि ह्यू ट्रॉवेल यांनी १९७०च्या दशकात त्याचा आरोग्याशी असलेला संबंध ठासून मांडल्यानंतर संशोधकांचे लक्ष त्याकडे वेधले गेले.

धान्यातील पिष्ट आणि चोथ्यातील सेल्युलोज हे दोन्ही ग्लुकोजच्या कणांचेच बनलेले असले, तरी ते कण जोडणारे बंध वेगळ्या प्रकारचे असतात. लाळेतील आणि स्वादुपिंडाच्या रसातील अमायलेज हे विकर, म्हणजे अन्नाच्या विघटनाला गती देणारे प्रथिन, पिष्टाचे बंध तोडते; सेल्युलोजचे बंध तोडणारे विकर मानवी शरीर तयार करत नाही.

स्वतः न पचणारा हा घटक इतर अन्नाच्या पचनाचा वेग मात्र ठरवतो. इसबगोल पाण्यात घातले असता थोड्याच वेळात त्याचा बुळबुळीत लगदा होतो. मेथीदाणे, गवारीचे बी आणि ओट यांतील विद्राव्य तंतूही आतड्यातील द्रव असाच दाट करतात; त्यामुळे विकरे अन्नकणांपर्यंत सावकाश पोहोचतात, सुटे झालेले ग्लुकोज आतड्याच्या भिंतीकडे हळूहळू सरकते आणि जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढत नाही. डेव्हिड जेनकिन्स आणि सहकाऱ्यांनी १९७८मध्ये दाखवून दिले, की हा गुण दाटपणाचा आहे. गवारीच्या डिंकाचा दाटपणा नाहीसा केल्यावर त्याचा हा परिणामही उरला नाही. असे तंतू पित्ताम्लांनाही अडकवून मलावाटे बाहेर नेतात आणि ती भरून काढण्यासाठी यकृताला रक्तातील कोलेस्टेरॉल वापरावे लागते.

अन्नाची घडणही महत्त्वाची असते. अख्ख्या उकडलेल्या हरभऱ्यात पिष्टाचे कण पेशीभित्तिकेच्या आत बंदिस्त असल्याने अमायलेजला तेथे सहज शिरकाव मिळत नाही. तोच हरभरा बारीक दळला, की भित्तिका फुटतात आणि पिष्ट लवकर पचते.

या लाभांना एक मर्यादा आहे. कोंड्यात आणि टरफलात तंतूंबरोबर फायटिक आम्ल असते, जे लोह, जस्त व कॅल्शियम यांना जखडून त्यांचे शोषण घटवते. कडधान्ये भिजवून मोड आणणे किंवा पीठ आंबवणे या रूढ पद्धतींमुळे फायटेज हे विकर कार्यरत होते व त्या आम्लाचे प्रमाण कमी करते. उसळीवर पिळलेल्या लिंबातील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास साहाय्य करते. पुढे मोठ्या आतड्यातील जिवाणू उरलेले काही तंतू आंबवतात, त्यातून तेथील पेशींचे पोषण करणारे ब्युटिरेट तयार होते आणि थोडे कॅल्शियमही शोषले जाऊ शकते.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या दैनंदिन आहारात सुमारे ३० ग्रॅम तंतू असावेत. हे प्रमाण गाठण्यासाठी चोथा हळूहळू वाढवावा, पाणी भरपूर प्यावे आणि औषधाच्या शोषणात अडथळा येऊ नये म्हणून थायरॉइडची गोळी व इसबगोल एकाच वेळी न घेता त्यांतील अंतर डॉक्टरांना विचारून ठरवावे.