दाणे मोजा, पारवे नव्हेत

एसीच्या बाहेरच्या डब्यामागे डोकावून पाहा. खराट्याच्या चार काड्या, वायरीचा एखादा तुकडा, आणि त्यावर दोन पांढरी अंडी. एवढाच पारव्याचा संसार! मुंबईत खोताच्या वाडीतल्या लाकडी सज्ज्यांभोवती उंच इमारती उभ्या राहिल्या, तशा या पक्ष्याला हव्या तशा जागा आपण आपल्या हातांनी बांधून दिल्या. त्याचे पूर्वज समुद्रकाठच्या कड्यांच्या कपारीत राहायचे. आमचे विसावे, बाविसावे मजले त्याच्या लेखी कडेच आहेत.

घरटे गबाळे, पण वेळापत्रक पाहा. सकाळ सरता सरता नर येऊन अंड्यांवर बसतो, दुपार कलली की मादी येते आणि रात्रभर बसते. सतराएक दिवसांत पिल्ले बाहेर येतात. आणि मग जे घडते ते ऐकून मी थक्क झालो होतो, आजही होतो.

पारवे पिल्लांना दूध पाजतात.

खरेखुरे दूध नव्हे, पण काम तेच. गळ्याखालच्या पिशवीच्या आतल्या अस्तराच्या पेशी स्निग्धांशाने भरतात आणि सुटतात. पनीरच्या चुऱ्यासारखा हा लगदा पिल्लाच्या चोचीत जातो. तो आईही बनवते आणि बापही! स्त्रियांच्या स्तनात दूध उतरायला जे प्रोलॅक्टिन कारणीभूत असते, तेच संप्रेरक इथेही कामाला लागते. पहिल्या दोन-तीन दिवसांतच पिल्लाचे वजन दुप्पट होते. पक्ष्यांच्या जगात असे करणारे फार थोडे. शिवडीच्या चिखलात आपण ज्यांना पाहायला जातो ते रोहित पक्षी त्यातलेच. ते कच्छच्या रणात पिल्लांना चक्क लाल दूध भरवतात.

आता यातली खरी गोम पाहा. चिमणी दाणे खाते, पण तिच्या पिल्लांना वाढायला अळ्या-किडे लागतात. किडे नसतील तेव्हा तिचा पाळणा हलत नाही. पारव्याला ही अट नाही. आईबापांना दाणे मिळाले की दुधाची सोय झाली. दाणे बारा महिने मिळाले तर पिल्लेही बारा महिने. पहिली जोडी घरट्यातच असताना मादी पुढची अंडी घालून मोकळी होते.

म्हणजे चौकात ओतलेले ज्वारीचे पोते पक्ष्याचे नुसते पोट भरत नाही, त्यातून पुढची पिढी उभी राहते.

जुलै २०२५मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने, म्हणजे पारव्यांना दाणे घालायच्या जागा, बंद करण्याची घोषणा विधान परिषदेत झाली आणि शहर पेटले. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री पडली, जमावाने ती फाडली, उच्च न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमायला सांगितले. एका बाजूला विष्ठा आणि पिसांच्या धुळीने फुप्फुसे बिघडल्याची तक्रार, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची जीवदया. दोन्ही खरे आहे. फुप्फुसांचा तो आजार काल्पनिक नाही, आणि मूठभर चणे टाकणारा हातही दुष्ट नाही.

मग संख्या कमी करायची कशी? मारून?

स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराने तेच केले. १९६१ ते १९८५ या काळात तिथे सुमारे एक लाख पारवे मारले गेले. शहरातली संख्या होती वीस हजारांच्या घरात. पंचवीस वर्षांनी किती उरले असतील? साधारण तितकेच! गिरगावातल्या चाळीत खोली रिकामी झाली की नवा भाडेकरू यायला कितीसा वेळ लागतो? मेलेल्या पारव्याच्या जागी नवे पिल्लू जगते, कारण दाणे तितकेच असतात.

१९८८पासून बाझेलने बंदूक सोडली आणि माणसांशी बोलायला सुरुवात केली. दाणे घालू नका, असे लोकांना समजावून सांगितले, काही ठिकाणी देखरेखीखाली खुराडी बांधून अंडी काढून घेतली. चारेक वर्षांत संख्या निम्म्यावर आली. पोटामागे दिवसभर फिरावे लागले की पारव्याला पिल्ले वाढवायला वेळच उरत नाही.

पण माणसाने पक्षी मारून संपवले नाहीत का? संपवले! अमेरिकेतला प्रवासी पारवा एकेकाळी तीनशे ते पाचशे कोटी होता, असा अंदाज आहे. तो प्रचंड थव्याने एकत्र वीण करायचा, घरट्यात एकच अंडे असायचे. शिकारी थेट त्या वसाहतींवर तुटून पडले. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात शेवटची मादी, मार्था, मेली. एका पारव्याचा वंश बंदुकीने बुडाला, दुसऱ्यावर तीच बंदूक चालेना. विणीचे गणित वेगळे, एवढाच फरक.

मारायचे की जपायचे, हाच वाद युरोपात आणि अमेरिकेत पाणकावळ्यांवरून चालतो. मच्छीमार म्हणतात मारा, पक्षीप्रेमी म्हणतात हात लावू नका. अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांवर एक विलक्षण उपाय वापरला गेला: अंड्यांवर मक्याचे तेल फवारायचे. कवचाची सूक्ष्म छिद्रे बुजतात, आतला गर्भ वाढत नाही, आणि पाणकावळे मात्र अंडी ठीक आहेत असे समजून उबवत राहतात. अंडी फोडली असती तर त्यांनी लगेच दुसरी घातली असती!

वीण थांबवायची तर ती अंड्यांपाशी, बाहेर आलेल्या पिल्लांपाशी नव्हे. म्हणून मला दादरच्या ताडपत्रीची घाई खटकते. बारमाही विणीचा अर्थ असा, की वर्षातला कुठलाही दिवस निवडा, त्या दिवशी शेकडो घरट्यांत दूध मागणारी पिल्ले असणारच. दाणे एका रात्रीत तोडले तर आधी तीच उपाशी मरतील. पोते आठवड्यागणिक थोडे हलके करत न्यायचे, आणि त्याच काळात डक्टच्या जाळ्या व एसीमागच्या कपारी बंद करून घ्यायच्या, पण आत अंडी-पिल्ले नाहीत ना, हे वाकून पाहिल्यावरच.